खुंट्यावरची परवानगी

ही गोष्ट कोणाला पटत नाही. खालच्या बाजारात सांगितली तेव्हा दाढी करणाऱ्या न्हाव्याला हसू आवरेना आणि गिऱ्हाईकाची एक मिशी गेली. ते गिऱ्हाईक अजून उरलेल्या मिशीवरच हिंडतंय. तुम्हालाही पटणार नाही. पण तोक्तोसुन म्हातारा आत्ता घोडा घेऊन ओढ्यावर गेलाय, तो परत यायच्या आत सांगून टाकायला हवी, कारण हिचा शेवट त्याला फार प्रिय आहे आणि तो ऐकताना त्याला रडू येतं.

"तुमच्या गोष्टीला शेवट असतो का भावजी?" लोकर पिंजत बसलेल्या जिपारकुल वहिनीनं मान वर न करता विचारलं.

असतो. आणि हिच्यात घोडाही आहे.

तोक्तोसुनचा मुलगा बांधकामावर रशियात. सून सिर्गा, म्हणजे हीच, जी तुमच्या वाटीत अर्धाच चहा ओततेय. अर्धा ओतते म्हणजे तुम्ही तिला हवे आहात, तुम्ही पुन्हा मागावा अशी तिची इच्छा आहे. काठोकाठ भरलेली वाटी हातात आली की माणसानं टोपी शोधायला लागावं. तर ही सिर्गा उन्हाळ्यात इथं कुरणावर नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, चार तंबू उभारून परदेशी पाहुणे ठेवते. पाहुण्यांच्या मेल वाचायच्या, तारखा मांडायच्या, त्यांना उत्तरं द्यायची, खाली सेयित खाटकाला मेंढीचा निरोप धाडायचा, या सगळ्यात तिची चूल विझून जायची. म्हणून तिनं एक सॉफ्टवेअर आणलं. ते कामांची साखळी जुळवतं. पहिल्या कडीला हिसका बसला की शेवटची हलते. मेल आली की कॅलेंडरात नोंद, नोंद झाली की पाहुण्यांना 'या, वाट बघतोय' असा निरोप, पाहुणे 'येतो' म्हणाले की डोकी मोजून सेयितला मेंढ्यांचा आकडा. मध्ये माणसाचं काम नाही.

मात्र ही साखळी स्वतःच्या बळावर काही करत नाही. मेल एकाची, कॅलेंडर दुसऱ्याचं, निरोपाचं ॲप तिसऱ्याचं. एकानं दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर परवानगी लागते, आणि ती खातेदाराच्या फोनवर मागतात. खातं अर्थात घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून सिर्गानं ते ओठ मिटून टाइप केलं.

आणखी एक गोष्ट. सगळ्या कुरणात नेटवर्क एकाच जागी येतं, तोरूच्या खुंट्यापाशी. तोरू म्हणजे म्हाताऱ्याचा तांबडा घोडा. चाल अशी, की वर बसून भरल्या वाटीतलं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यावं आणि मिशीला थेंब लागू नये. म्हाताऱ्याचा बायकोपेक्षा त्याच्यावर जीव जास्त, आणि ही गोष्ट बायकोच सगळ्यांना सांगत असते. तर म्हाताऱ्याचा फोन नमद्याच्या पिशवीत घालून त्या खुंट्याला टांगलेला असायचा. फोन वाजला की म्हाताऱ्याच्या आधी तोरू कान टवकारायचा.

साखळी जुळवताना सिर्गानं विचारलं होतं, "बाबा, दहा पाहुण्यांना एक मेंढी धरते. पण समजा शंभरावर आले तर?"

म्हातारा खोगिराचा पट्टा शिवत होता. "शंभर माणसांपुढे काय मेंढी ठेवणार? घोडा कापायचा," तो म्हणाला, कारण त्याचा बाप असंच म्हणायचा आणि बापाचा बापही. घरात घोडा एकच आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सिर्गाच्या आलं. तिनं त्या कडीला कुलूप लावलं: घोड्याची पाळी आली की साखळीनं थांबायचं आणि खातेदाराला विचारायचं, मंजूर की नामंजूर. पण 'उत्तर आलं नाही तर' या रकान्यात सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच जे लिहून ठेवलं होतं, तेवढं तिनं तसंच राहू दिलं. एक दिवस वाट पाहा, मग मंजूर समजा. शंभर माणसं या डोंगरावर येणार कुठून, असं म्हणून ती ते विसरूनही गेली.

मग एका बुधवारी ती तंबूंच्या स्वच्छतेचा दाखला आणायला जिल्ह्याच्या गावी निघाली. जाताना सासऱ्याला बजावलं, की फोन काही विचारेल, तर मेल, कॅलेंडर आणि खाटीक यांनाच हो म्हणा, बाकी कोणी आलं तर नाही म्हणा.

"नाही म्हणू?" तोक्तोसुननं विचारलं. चहात थुंकायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

हा माणूस दारात आलेल्या कोणाला जन्मात नाही म्हणालेला नाही. एकदा मेंढी चोरायला आलेल्या चोराला त्यानं जेवायला बसवलं, आणि जाताना तो चोर मेंढीच्या ऐवजी म्हाताऱ्याच्या पुतणीचा हात मागून गेला. सुखात आहेत दोघं. अशा माणसाच्या फोनवर त्याच दुपारी कोणीतरी नऊ खळग्यांच्या डावाचं ॲप धाडलं. खळग्यांत गोट्या टाकत खेळायच्या त्या डावाचं म्हाताऱ्याला वेड. ॲपनं उंबऱ्यावर उभं राहून फार अदबीनं विचारलं, की मी तुमच्या ओळखीच्यांची नावं पाहू का. "बघ की बाबा, त्यात लपवायचं काय," म्हातारा म्हणाला आणि बोट टेकवलं. मग त्यानं कॅलेंडर पाहू का म्हणून विचारलं. मग तुमच्या वतीनं निरोप धाडू का म्हणून विचारलं. म्हातारा गहिवरला. सख्ख्या मुलानं इतकं कधी विचारलं नव्हतं.

आता ॲपनं काय केलं, तर गडी जमवायचे म्हणून फोनमधल्या झाडून सगळ्यांना निमंत्रण धाडलं, 'तोक्तोसुन तुम्हाला शुक्रवारी डावासाठी बोलावत आहे', आणि कॅलेंडरात शुक्रवारी नोंद केली. कॅलेंडरात नोंद झाल्याबरोबर सिर्गाची साखळी जागी झाली. तिला डाव काय ठाऊक? तिला वाटलं पाहुणे. तिनं त्या सगळ्यांना पाठोपाठ कळवलं, 'आपलं येणं पक्कं झालं आहे. जेवण, चहा आणि अंथरूण आमच्याकडे. या, वाट बघतोय.'

तुम्हीच सांगा, असा निरोप वाचून कोण डाव खेळायला म्हणून येईल? लोकांनी तर्क बांधले. कोणी म्हणालं, मुलगा रशियातून परत येतोय. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही, सगळ्यांना शेवटचं बघायचं असेल. न जाणं हा दोन्हीकडून अपमानच. एकेकाचं 'येतो' यायला लागलं. फोनमध्ये आयुष्यभराची माणसं साठलेली. गुरांचा डॉक्टर, पासपोर्टच्या कचेरीतला कारकून, थेट राजधानीचा, बिश्केकचा दात काढणारा, एकदा टायर विकलेला माणूस. ओश शहरची एक बाई होती, तिनं गेल्या हिवाळ्यात चुकीचा नंबर लावला होता आणि म्हाताऱ्यानं तिच्याशी गुडघेदुखीवर तासभर बोलून घेतलं होतं. तीही म्हणाली, येते.

गुरुवारी सूर्य माथ्यावर आला आणि आकडा शंभराच्या पुढे गेला. फोन वाजला. तोरूनं कान टवकारले. म्हाताऱ्यानं चष्मा लावून वाचलं, 'पाहुणे शंभरावर. घोडा: तोरू. मंजूर / नामंजूर.' त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोरूचं नाव तिथंच होतं.

तासाभरात सेयित खाटीक सुऱ्या फडक्यात गुंडाळून वर आला. त्यालाही साखळीनं कळवलं होतं, की तयारीनं या, उत्तर यायचं आहे. सेयित मऊ माणूस. तो तोरूकडे पाठ करून बसला आणि चहाची वाटी हातात घेऊन म्हणाला, "दादा, मला फोननं बोलावलंय. उद्या दुपारपर्यंत फोननं नको म्हटलं तर मी निघालो. नाहीतर तू तोंडानं सांग, सेयित, परत जा. मी एका शब्दानं विचारणार नाही."

तोक्तोसुननं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "आणखी थोडा चहा घे."

सिर्गाला जिल्ह्याच्या गावाहून परतताना गाडीत जागाच मिळेना. सगळ्या गाड्या भरलेल्या आणि सगळे तिच्याच घरी निघालेले. दात काढणाऱ्याच्या मांडीवर त्याच्या हत्यारांची पेटी आणि तिच्यावर सिर्गा, अशी ती संध्याकाळच्या आत पोचली. वाटेत लोकांनी तिला विचारलं, की सासऱ्याला नक्की झालंय काय. ती म्हणाली, बघते.

खुंट्यापाशी जाऊन तिनं फोन उघडला आणि आत कोणाकोणाला परवानगी दिली आहे ते काढलं. तिला वाटलं होतं चारपाच असतील. बोटानं वर सरकवतेय, सरकवतेय, तळ लागेना. हवामान सांगणारं, स्वप्नांचा अर्थ सांगणारं, गर्भार बायकांना महिने मोजून देणारं. एक चिनी होतं, त्याचं नाव कोणालाच वाचता येईना. काहींनी येताना आपले सोबतीही आत आणले होते, म्हणजे पाहुण्यांचे पाहुणे.

"बाबा, यांना काढायला हवं."

"घरात आलेल्याला हाकलू?"

"यातले कितीतरी गेल्या उन्हाळ्यापासून बसलेत. तुमची बॅटरी खातायत. पाहुण्याला किती दिवस काही विचारायचं नसतं?"

"तीन," म्हातारा पुटपुटला. नियम नियमच. मग त्यानं अट घातली, की हाकलायचं नाही, निरोप द्यायचा, तोही रीतसर. सिर्गानं एकेक नाव वाचायचं, म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे वर करून 'तुझी वाट मोकळी असो' म्हणायचं, तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि मगच तिनं ते काढायचं. चिनी ॲपचं नाव वाचता येईना तेव्हा म्हातारा म्हणाला, पाहुणा म्हण आणि पुढे चल. ऊन उतरलं तरी हे चाललेलं. सेयितही येऊन तळवे वर करायला लागला. शेवटचं ॲप गेलं तेव्हा फोन इतका हलका झाला, की वाऱ्यानं उडाला आणि तोरूच्या आयाळीत जाऊन अडकला.

जिपारकुलचे हात थांबले. "उडाला?"

बरं, निसटला म्हणा. पण आयाळीतच पडला.

आणि तिथून काढून सिर्गा सगळ्यांना कळवायला गेली, की चूक झाली, येऊ नका, तर निरोप जाईना. म्हाताऱ्यानं आशीर्वाद देऊन ज्यांना वाटेला लावलं त्यांत निरोपाचं ॲपही होतं; खाटकाची परवानगी वेगळी, ती तेवढी शाबूत राहिली होती. ते पुन्हा जोडायला गेली, तर ते म्हणालं, आधी काढलंत, आता दोन दिवस थांबा, मग बघू. रुसलेल्या जावयासारखं. अख्खी साखळीच बंद करावी म्हटलं, तर साखळी म्हणे, एक प्रश्न विचारलेला आहे, आधी त्याचं उत्तर द्या.

तसंही म्हाताऱ्यानं तो निरोप जाऊ दिला नसता. 'येऊ नका' असं त्याच्या नावानं गेलं असतं तर त्यानं आधी स्वतःला पुरून घेतलं असतं.

शुक्रवारी सकाळी डोंगर माणसांनी भरला. एवढं मोठं बोलावणं, रिकाम्या हातानं कोण येतंय? कोणी मेंढी आणली, कोणी दोन, टायरवाल्यानं टायरच आणला. ओशची बाई वाळलेल्या जर्दाळूंचं पोतं पाठीवर घेऊन उतरली आणि पहिल्यांदा म्हाताऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. खायला रेटून होतं. पण शंभरावर माणसं जमावीत आणि घोडा कापू नये? सात पिढ्या बोल लागला असता. उलट कापावा, तर तोरू. म्हातारा सगळ्यांची गळाभेट घेत होता आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून सूर्याकडे बघत होता.

एक बोट टेकवायचं होतं, दुसरं काही नाही. त्यानं बायकोला म्हटलं, तू टेकव. ऊलकान म्हणाली, "म्हाताऱ्या, नाही म्हणता येत असतं तर मी तुझ्या घरी आले असते का?" मुल्लांना विचारलं. ते म्हणाले, कापलात तरी दुआ म्हणतो, नाही कापलात तरी म्हणतो, बोटाचं काम माझं नव्हे. गुरांच्या डॉक्टरला एकाएकी मेंढ्या तपासायच्या आठवल्या. सेयित म्हणाला, मी खाटीक, मीच नको म्हटलं तर लोक काय म्हणतील. सिर्गाला कोणी विचारलंच नाही. ती पहाटेपासून मोठ्या कढईपाशी, कोपरापर्यंत पिठात, बोरसोकच्या तळलेल्या गोळ्यांचे घाणे काढत होती. आणि सासऱ्याचं नुसतं नाव घ्यायची जिला मुभा नाही, ती त्याच्या नावानं पाहुण्यांच्या तोंडावर नाही कशी म्हणणार? अशी सून या खोऱ्यात झाली नाही.

शेवटी म्हातारा फोन घेऊन तोरूपाशी गेला. फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "बघ, हे तुझं नाव. मला नाही म्हणता येत नाही रे. आजवर कोणालाच म्हणता आलं नाही." तोरूनं त्याच्या खिशात नाक घालून साखर शोधली. साखर होती. म्हाताऱ्यानं फोन पिशवीत ठेवला, आयाळीत तोंड खुपसलं, आणि तेवढ्यात वरच्या गावचे वडीलधारे आले म्हणून हाक आली. त्यांना मानाच्या जागी बसवायला त्याला जावंच लागलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

सूर्य माथ्यावर आला. सेयित सुऱ्यांचं फडकं सोडून खुंट्याच्या दिशेनं निघाला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. आणि नेटवर्कच्या टप्प्यात शिरताच सेयितच्या खिशातला फोन वाजला.

सेयितनं वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "घोडा नामंजूर. आपण आलात, आभारी आहोत."

सगळी माणसं खुंट्याकडे धावली. तिथं चिटपाखरू नाही, एकटा तोरू उभा, ओठ पिशवीत. म्हाताऱ्यानं फोन बाहेर काढला. पडद्यावर 'नामंजूर' आणि त्याच्यावर पांढरा फराटा.

"फेस," तोक्तोसुन म्हणाला. "त्याच्या तोंडचा फेस. त्यानं स्वतः नाही म्हटलं."

आता घोड्याशी वाद कोण घालणार? माणसानं नाही म्हटलं तर अपमान, पण घोड्याला रीतभात कुठली! वरच्या गावचे वडीलधारे म्हणाले, ज्याचा जीव त्याचा निर्णय. मुल्लांनी दुआ म्हटली. सेयितनं त्याच सुऱ्यांनी आणलेल्या मेंढ्या कापल्या आणि इतका खुशीत होता, की मजुरी घ्यायची विसरला. डाव मात्र झाला. ओशची बाई जिंकली आणि टायर घेऊन गेली.

त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं एक रीतच पाडली आहे. कुठलंही ॲप दारात येऊन परवानगी मागायला लागलं, की तो म्हणतो, थांब हं बाबा, आमच्यात हे तोरू बघतो. फोन खुंट्याच्या पिशवीत ठेवतो आणि आत येऊन चहा पितो. थोड्या वेळानं जाऊन बघावं, तर जे कामाचं असेल त्याला 'मंजूर', बाकी सगळ्यांना 'नामंजूर'. एकदाही चुकलेला नाही. मेलचं ॲप कुठलं आणि भामट्याचं कुठलं, हे त्या घोड्याला जिल्ह्यातल्या शिकलेल्यांपेक्षा जास्त कळतं. विश्वास बसत नसेल तर आत्ता येईल तो ओढ्यावरून, त्याच्या ओठांकडे बघा, कसे शहाण्यासारखे मिटलेले असतात.

जिपारकुलनं लोकर बाजूला ठेवली.

"भावजी, तो फोन त्या दिवशी मी पुसला होता. घोड्याचा फेस वाळला की झटकून जातो. ते पीठ होतं, भिजवलेलं. नखानं खरवडावं लागलं."

सिर्गानं किटली उचलली आणि जिपारकुलची वाटी काठोकाठ भरली.